गाडी चालते तोवर

मीठ आणि मोटारसायकल या विषयावर मला कोणी शिकवू नये.

परवा माझी नात परदेशातून फोनवर तेच करायला लागली. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो म्हणे. तो वितळावा म्हणून सरकारी गाड्या रस्ताभर मीठ टाकत जातात, ते मीठ उडून तिच्या मोटारसायकलच्या पोटाला लागतं आणि लोखंड गंजतं. म्हणून ही दर रविवारी गाडी धुते, पुसते, मेणासारखं काहीतरी चोपडते आणि वर कव्हर घालते. मी म्हटलं, "रस्त्यावर मीठ? आणि लोक गप्प बसतात?"

ती म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार. तुमच्याकडे कुठे बर्फ पडतो!"

मला नाही कळणार! अगं, तुझ्या तिकडच्या सरकारला बर्फ पाडून, गाड्या फिरवून जे जमतं, ते मी चोपडा तालुक्यात, कोरड्या थंडीत, एका शिवणयंत्रावर जमवलं होतं. मी तिला फोनवर काही बोलले नाही, कारण त्या गोष्टीत मी फार मूर्ख दिसते. पण राग तेव्हापासून पोटात बसलाय, तो कागदावर उतरवते. माझ्यावरचा राग आहेच. पण सगळाच माझ्यावरचा नाही.

मी मूळची धुळ्याची. डी.एड. झाले आणि ऐंशीच्या दशकात चोपड्याजवळच्या एका केळीवाल्या घरात मला दिलं. वर्षभरात नोकरीचा कागद आला. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याला, आमच्या घरापासून चौदा किलोमीटर. तो कागद घरातल्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला. वाचायला येणाऱ्यांनी वाचला, सासूबाईंनी उन्हाला धरून पाहिला. मग तो ओट्यावर सासऱ्यांकडे गेला. सासऱ्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. नानांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली आणि निकाल दिला.

"आमना घरनी सून फाटावर जीपनी वाट देखत उभी राहणार नही. आपली मोटारसायकल शे. हाऊ सोडी दी, हाऊच लई ई. गाडी चालस तवलगुन नोकरी. गाडी बसनी, का नोकरी बी बसनी."

'हाऊ' म्हणजे आमचे हे. म्हणजे गाडी चालू आहे तोवर नवरा मला नेईल आणि आणेल. ती बंद पडली की माझी नोकरीही बंद.

आता कोणीही शहाणी बाई यावर काय म्हणेल? म्हणेल, माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाचा आणि तुमच्या चेनसॉकेटचा काय संबंध? मी काय केलं? मी खाली वाकून नानांना नमस्कार केला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, कृतज्ञतेचं! आज तो नमस्कार आठवला की त्या बावळट पोरीला वेणी धरून उभं करावंसं वाटतं.

गाडी शिंदखेड्याच्या एका पाहुण्यांकडून घेतलेली, म्हणजे जुनीच. काळी टाकी, चकचकीत रिंगा, लांबलचक सायलेन्सर. मी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायचे, म्हणून डाव्या बाजूला चाकाला साडीगार्डची जाळी आणि पाय ठेवायला लोखंडी पट्टी लावून घेतलेली. सकाळी आम्ही निघायचो तेव्हा केळीच्या बागांवर धुकं असायचं, रस्ता दवाने ओला. मी डोक्यावरून शाल घट्ट गुंडाळून, मांडीवर हजेरीपट घेऊन, गाडीचा आवाज ऐकत बसायचे. बायका नवऱ्याचा खोकला ओळखतात, मी त्या गाडीचा ओळखायचे. जरा फाटकन् वाजली की माझं काळीज फाटकन्. आमचे हे म्हणायचे, "कचरा आला असेल, निघून जाईल." यांना काय, कचरा यांच्या नोकरीत येत नव्हता.

पहिल्या हिवाळ्यातच हेडलाइटच्या रिंगेवर तपकिरी ठिपके दिसले. तिळाएवढे. मी बोटाने पुसले, जाईनात. मग मी काय करावं? जिच्या आईने तिला आयुष्यात एकच घासणं शिकवलं, ती काय करणार! देवाची तांब्याची भांडी ज्याने उजळतात, ते मी केलं. वाटीभर चिंच भिजवली, त्यात मूठभर मीठ घातलं आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपून आल्यावर अख्खी मोटारसायकल चिंच-मिठाने घासून काढली. रिंगा, हँडल, सायलेन्सर. चमकलं हो! इतकं चमकलं की सासूबाईंनी समईपण तिथेच आणून ठेवली. "आते हाई बी घस, हात भरेलच शेत."

आठवड्याने ठिपके तिळाएवढे होते ते हरभऱ्याएवढे झाले. मी पुढच्या शनिवारी मीठ वाढवलं.

हे असं तीन शनिवार चाललं. मग आमच्या ह्यांनी एकदा हाताचा वास घेऊन विचारलं, "गाडीला चिंचेचा वास का येतो गं?" मी सांगितलं. यांनी दुसऱ्या दिवशी सगळी गाडी धुऊन तिला रॉकेल नि इंजिन ऑइलचा बोळा फिरवला. तेवढ्यावर विषय मिटला असता. पण माझ्यातल्या बाईंना, म्हणजे मास्तरीणबाईंना, चूक स्वतःची आहे हे पटायला दुसऱ्याची चूक शोधून पाहावी लागायची. आणि ती सापडली.

माझा धाकटा दीर. लग्न व्हायचं होतं, शेतातलं सगळं तोच बघायचा. मला शाळेत सोडून हे परत आले की दिवसभर गाडी दारात उभी, आणि दारात उभी असलेली गाडी ही सगळ्या भाऊबंदांची. कोणी यावलला पाहुण्याला सोडायला न्यायचं, कोणी पाना-नळी आणायला. एक दिवस मी रजेवर होते आणि डोळ्यांनी पाहिलं. दिराने कॅरिअरवर पोटॅशची गोणी आडवी टाकली, सुतळीने बांधली आणि केळीच्या मळ्याकडे निघाला. गोणीच्या कोपऱ्यातून लालसर दाणे रस्ताभर सांडत होते, थोडे सायलेन्सरवर, थोडे मडगार्डवर.

पोटॅश म्हणजे केळीला घालायचं खत. दिसायला खड्याच्या मिठासारखं, गुणाला त्याहून वाईट. आणि ते माझ्या नोकरीवर सांडत चाललं होतं!

मी काय तमाशा केला म्हणून सांगू. संध्याकाळी ओट्यावर सगळे असताना मी पदर खोचून उभी राहिले. धुळ्याच्या शुद्ध मराठीत बोलायला लागले, आणि मी शुद्ध बोलायला लागले की घरातले घाबरायचे. मी म्हटलं, "भाऊजी, खतामुळे लोखंड गंजतं हे तुम्हाला ठाऊक नाही? ही गाडी म्हणजे काय बैलगाडी आहे?"

दीर म्हणाला, "वहिनी, दोन गोण्या त नेल्यात. बैल आजारी शे."

"दोन न्या नाहीतर दहा न्या! गाडी बसली तर माझी नोकरी बसेल. तुमच्या बैलाला कोणी नोकरी सोडायला सांगितली नाही!"

तो हसला. मग नानांनी घसा साफ केला आणि तो हसायचा थांबला. नाना म्हणाले, "ती खरं बोलस. गाडीवर खत नेवानं नही." मी जिंकले. किती आनंद झाला! ज्या माणसाने माझ्या गळ्यात ही अट बांधली, त्याने माझी बाजू घेतली म्हणून मी हरखले. अहो, अट कोणाची होती? पण हा प्रश्न मला सुचायला अजून एक वर्ष होतं.

दिराने शब्द पाळला. त्या दिवसापासून खत बैलगाडीने जायला लागलं. आणि मी, विजयी झालेली, आता गाडीचं पक्कं संरक्षण करायच्या मागे लागले. ऊन, धूळ, दव, शेजाऱ्यांची पोरं, कोंबड्या, सगळ्यांपासून. मी ठरवलं, गाडीला पायघोळ खोळ शिवायची. हँडलपासून चाकापर्यंत. तिच्या वरून कोणाला हात लावायची हिंमत होणार नाही.

कापड कुठलं? जाजम जाड, त्याला दव प्यायला आवडतं. घरात भिंतीला रचून ठेवलेल्या होत्या त्या खताच्या रिकाम्या गोण्या. पांढऱ्या, प्लास्टिकच्या, चिवट. आमच्याकडे त्या गोण्या काय नव्हत्या? त्यांचं छत होतं, न्हाणीला पडदा होता, बाजाराच्या पिशव्या होत्या, केळीच्या घडांखाली अंथरायला त्याच. रिकामी गोणी फेकणारा माणूस मी खानदेशात पाहिला नाही. मी दहा गोण्या निवडल्या. एकसारख्या, हिरव्या रोपट्याचं चित्र असलेल्या. झटकल्या. झटकल्या की स्वच्छ झाल्या, असं माझं मत. धुतल्या का? एक बुचकळून काढली, पण विहिरीला बाया होत्या, नंबर लागेना, मग बाकीच्या राहू दिल्या.

आणि शिवताना मी काय काळजी घेतली ऐका. रोपट्याची सगळी चित्रं बाहेर आली पाहिजेत, एका रांगेत, सरळ. रोपटं उलटं आलं की उसवून पुन्हा. त्यासाठी चार दिवस शाळेतून आल्यावर मशीनवर बसले. चित्र बाहेर म्हणजे गोणीची आतली बाजू, जिथे खत होतं ती, कुठे आली? आत, गाडीच्या अंगाला. याचा विचार? नाव नको.

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. "काय वं, गाडीले अंगडं शिवी राहिनी का? टोपडं बी शिव. बारसं कधय शे?"

मी म्हटलं, "हसा तुम्ही. पुढच्या हिवाळ्यात बघा."

पुढच्या हिवाळ्यात बघितलंच.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझ्या मूर्खपणाला पूर्ण न्याय मिळायचा नाही. त्याच वर्षी चौथीच्या वर्गाला मी गंज शिकवला. पुस्तकात प्रयोग होता. तीन बाटल्या, तिघींत एकेक खिळा. एक कोरडी, एकीत साधं पाणी, एकीत मिठाचं पाणी. आठवडाभर खिडकीत ठेवायच्या. मिठाच्या पाण्यातला खिळा सगळ्यांत आधी तांबडा झाला. मी हातात पट्टी घेऊन सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं, "मीठ आणि ओलावा एकत्र आले, की लोखंड लवकर गंजतं." पोरं ओरडून म्हणायची. मीही ओरडून म्हणायचे. आणि संध्याकाळी घरी येऊन गाडीला मिठाच्या गोण्या पांघरायचे.

दुसरा हिवाळा आला. आमच्याकडे केळीच्या बागांमुळे थंडीत दव असं पडतं की सकाळी पत्र्यावरून पावसासारखं ठिबकतं. गाडी ओसरीच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीजवळ उभी असायची. सकाळी मी खोळ काढायचे तेव्हा ती आतून ओली असायची. मला वाटायचं, बघा, दव खोळीने अडवलं! खोळ झटकून वाळत घालायचे. संध्याकाळी पुन्हा घालायचे. एकही दिवस चुकले नाही. मी चुलीवरचं दूध विसरेन, पण ती खोळ विसरायचे नाही.

आणि गाडी गंजत चालली. वरून नाही, खालून. टाकी नुसती लख्ख, बघणारा म्हणेल नवी आहे. खाली सायलेन्सरला पापुद्रे सुटायला लागले, साडीगार्डच्या तारा हाताला लागल्या की भुगा. माझ्या पायाची पट्टी जोडाजवळ तपकिरी होऊन फुगली.

मी काय अनुमान काढलं असेल? बरोबर. दीर.

"तुम्ही चोरून गाडीवर खत नेता," मी त्याला सरळ म्हटलं. न्हाणीजवळ, तो हातपाय धूत होता तेव्हा.

त्याचे ओले हात तसेच राहिले. "वहिनी, मी गाडीले हात बी लाया नही. देवनी आन."

"मग हा गंज काय आभाळातून पडला?"

"माले काय माहीत! तूच देख तुनी गाडी. अंगडं घालस, टोपडं घालस..."

"खोटं बोलू नका!"

मी हे जरा मोठ्याने बोलले. नाना ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच्या कोपरीच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. सकाळी आमच्या ह्यांना द्यायची, ते मला सोडून आले की परत घ्यायची. तेवीस वर्षांच्या मुलासमोर बापाने किल्ली खिशात घातली. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. मीही बंद झाले. आम्ही दोन महिने एका ताटातली चटणी न बोलता वाढून घेतली.

मग तपासणीचा दिवस आला. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी पाठटाचण लिहून, तक्ते रंगवून, इस्त्रीची साडी नेसून तयार. निघालो. गल्लीतून बाहेर पडतानाच सायलेन्सरने आवाज बदलला. मी यांच्या खांद्यावर थाप मारली. हे म्हणाले, "पोहोचू आपण." पारावरून वळताना सायलेन्सरचा मागचा अर्धा भाग सुटला आणि रस्त्यावर आपटत, खणखण करत आमच्याबरोबर फरफटायला लागला. गाडी ट्रॅक्टरसारखी बोंबलायला लागली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. यांनी ब्रेक दाबला. मी सगळा भार डाव्या पायावर घेतला, आणि पायाखालची पट्टी कट्‌कन् तुटली.

मी पडले. फार नाही लागलं, कोपर सोललं आणि साडीला ऑइल. पण तक्ते उडाले. गावातल्या सगळ्या पुरुषांनी माझे अवयवांचे तक्ते धावत जाऊन गोळा केले. एक म्हातारा आतड्यांचा तक्ता उलटा धरून उभा होता, "बाई, हाई काय शे?" म्हणून विचारत.

मी घरी आले तोवर बातमी आली होती. नाना ओट्यावर. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट. म्हणाले, "लागनं का?"

"नाही."

"मंग आते झाली नोकरी."

बस, एवढंच. पाणी पिऊन यावं तसं. तिकडे शाळेत साहेब माझी वाट बघून गेले, हेडमास्तरांजवळ निरोप ठेवून, की परवा पुन्हा येतो, तेव्हा बाई हजर पाहिजेत. नसल्या तर वर कळवावं लागेल. हेडमास्तरांनी तो निरोप संध्याकाळी दूधवाल्याबरोबर पाठवला. म्हणजे माझ्या हातात एक दिवस.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज पाठवला आणि हट्ट करून गाडीबरोबर चोपड्याला गेले. गाडी बैलगाडीत चढवली होती. मीच वरून तिला खोळ घातली, रस्त्याची धूळ लागू नये म्हणून! यांनी बैल हाकले. मी मागे मोटारसायकलला धरून बसले, जणू आजारी माणसाला दवाखान्यात नेतेय. वाटेत सगळ्यांना सांगत होते, "दिरामुळे झालं. खत वाहिलं त्याने." यांनी एकदा "अगं..." म्हटलं, मी ऐकलं नाही.

गॅरेजचे मिस्तरी म्हातारे होते, चष्म्याला दोरी. त्यांनी खोळ अर्धी उचलली आणि हात मागे घेतला. बोटं एकमेकांवर चोळली. मग खोळीच्या आतून पुन्हा बोट फिरवलं.

"हाई खोळ कोनी शिवी?"

मी जरा अभिमानानेच म्हटलं, "मी."

"ताई, जीभले लाई देखा." त्यांनी बोट पुढे केलं. मी मागे सरकले. मग त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या जिभेला लावलं आणि थुंकले. "मीठ शे हाई बठ्ठं, सगळं मीठ! पोटॅश. शिवनमा भरेल शे, देखा." आणि त्यांनी माझी एक शिवण नखाने उकलली. त्यातून लालसर ओले दाणे त्यांच्या तळहातावर पडले. "रोज दव पडस, हाई गळस, आनि खाले उतरस. सायलेन्सरवर, जाळीवर, तुम्हना पायनी पट्टीवर. वरनी टाकी बची गयी, खालनं बठ्ठं खाई गयं. तुम्ही गाडीले वरीसभर मिठमा मुरावत ठेयेल शे. कैरीनं लोनचं घालतस तसं."

आमचे हे हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग बैलगाडीच्या चाकाला धरून. मी त्यांच्याकडे बघितलं तर डोळ्यांतून पाणी. मला हसू आलं नाही. मला दिराचे ओले हात दिसले, आणि नानांचा खिसा.

मी हळू आवाजात विचारलं, "किती दिवस लागतील?"

"सामान जळगावहून येई. पंधरा दिन त पकडा."

मी तिथल्या टायरवर बसले. म्हटलं, "मिस्तरी, उद्या माझी तपासणी आहे. गाडी नाही तर माझी नोकरी गेली."

मिस्तरींनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना खरंच कळलं नाही. "काब्र? काय कारन? जीपवर जा ना. मनी सून रोज जास, अंगनवाडीले. फाटावरथून त भेटस जीप."

बाई गं! किती साधं वाक्य. दोन वर्षं त्या घरात दहा माणसं होती, त्यांतल्या कोणी ते उच्चारलं नव्हतं. आणि सर्वांत मोठी निर्लज्ज मी, की मीही नाही. मी चिंच भिजवली, चार दिवस मशीनवर बसले, रोपट्यांची चित्रं रांगेत लावली, एका सज्जन मुलाला चोर ठरवलं, पण नानांसमोर उभी राहून "का?" एवढं एक अक्षर मला विचारता आलं नाही. माझं सगळं डोकं, माझं सगळं डी.एड., एका सायलेन्सरला वाचवण्यात गेलं. मी लोखंडाची राखण करत होते आणि मला वाटत होतं, मी नोकरी करतेय.

परत निघालो. यांनी विचारलं, "लागलं का गं कोपर?" मी म्हटलं, "तुम्ही मला उद्या फाट्यापर्यंत चालत सोडाल का?" यांनी बैलांचा कासरा जरा ओढला. मग म्हणाले, "नानांना तू सांगणार का मी?"

"मी."

घरी आल्यावर आधी दिराकडे गेले. तो गोठ्यात होता. मी पाठ केल्यासारखं म्हटलं, "भाऊजी, तुम्ही खत नेलं नव्हतं. ती माझी खोळ होती. मिस्तरींनी सांगितलं." त्याने चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल दोन शब्द. त्याने फक्त विचारलं, "नानाले सांगं का?"

"सांगते."

"आधी सांग. मंग माफी मांग."

बरोबर होतं त्याचं. मी ओट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. खोळ, गोण्या, दव, जिभेचं मीठ, सगळं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यांचे खांदे हलत होते. नानांनी खिशातून किल्ली काढली, जिला आता पंधरा दिवस गाडीच नव्हती, आणि ती दिराच्या हातात दिली. दिराने ती माझ्यासमोर प्रसादासारखी कपाळाला लावली. मेला कुठला!

मग मी म्हटलं, "आणि नाना, उद्या साहेब येणार आहेत. मी जीपने जाणार."

नाना म्हणाले, "काय ठरनं व्हतं?"

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण आतून असा संताप आला होता की तोच मला धरून उभा होता. मी म्हटलं, "गाडी बसली, नाना. मी नाही बसले. मला दोन पाय आहेत, फाटा दीड किलोमीटर आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार, मग मागाहून काय बोलायचं ते बोला." शुद्ध मराठीत. घाबरत घाबरत, पण शुद्ध.

नाना उठले आणि खळ्याकडे निघून गेले. हो म्हणाले की नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

सकाळी फाट्यावर उभी राहिले तेव्हा धुकं होतं. हे सायकल धरून शेजारी उभे होते, चोरासारखे, कोणी ओळखीचं येतं का बघत. जीप आली. आत पहाडावरचे पावरा आदिवासी बाप्ये-बाया, दोन बकऱ्या, भाजीच्या टोपल्या. ड्रायव्हरने मला बघितलं, हातातले तक्ते बघितले, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या एका तालेवार माणसाला म्हणाला, "आबा, मांगे व्हय. बाई शेत शायना." शाळेच्या बाई म्हटल्यावर तो आबा बडबडत उतरला आणि मागे बकऱ्यांत जाऊन बसला. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी, खिडकीला. वाऱ्याने शाल उडत होती. कुठलाही खोकला ऐकावा लागत नव्हता. तपासणी झाली, साहेबांनी तक्त्यांना बरं म्हटलं, मी परत जीपने आले, पुन्हा पुढच्या सीटवर.

संध्याकाळी घरी आले तर नाना ओट्यावर होते. मी चपला काढत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत विचारलं, "जागा भेटनी का?"

दोन वर्षांनी विचारला हा प्रश्न. दोन वर्षं, दोन हिवाळे, एक सायलेन्सर आणि एका पोराची अब्रू गेल्यावर! इतका राग आला मला. आणि त्या रागात जे तोंडात आलं ते बोलले.

"नाही, नाना," मी म्हटलं. "मागे फळीवर उभी होते. लोंबकळत. जाताना आणि येतानाही."

नानांच्या हातातला अडकित्ता थांबला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की ते रात्री भाकर अर्धी टाकून उठले.

मी पूर्ण खाल्ली. वर ठेचा मागून घेतला.